डब्यातलं वरण दुपारपर्यंत आंबतं, अधूनमधून कुणाचं तरी पोट बिघडतं : कारण नेमकं कुठे शोधायचं

मार्च सरला की आमच्या मेसमध्ये ही तक्रार सुरू व्हायची. सकाळी साडेदहाला डबे निघायचे, दीड-दोनला पोरं डबा उघडायची आणि कुणाचा तरी फोन यायचा, "काकू, वरण आंबून राहिलं." आठ-दहा दिवस बरे जायचे, की परत तोच फोन. महिन्यातून एखाद्या वेळी त्याहून वाईट : रात्री चार-पाच पोरांना एकदम मुरडा आणि जुलाब. दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात एकाला सलाईन लावावी लागली. त्याची आई गोंदियाहून रातोरात आली. ती मला रागावली नाही. तिनं एवढंच विचारलं, "ताई, घरचं समजून करता ना जी?" त्या रात्री मला झोप लागली नाही.

मी नागपूरच्या नंदनवन भागात सत्तर डबे करते. त्यानंतरच्या दोन उन्हाळ्यांत जे शोधलं, मोजलं आणि बदललं ते सगळं इथे लिहिते आहे, कारण हीच तक्रार मला बाकीच्या मेसवाल्यांकडून आणि घरी चार माणसांचा स्वयंपाक करणाऱ्या बायकांकडूनही सारखी ऐकू येते. आणि बहुतेक जण तिथेच शोधतात जिथे आम्ही आधी शोधलं, म्हणजे चुकीच्या जागी.

आम्ही आधी पाण्यावर संशय घेतला. टाकी घासून घेतली, नवा फिल्टर बसवला. मग डाळीवर. कळमन्याहून आणायचो ती सोडून इतवारीतून दुसरी आणली, किलोमागे जास्त पैसे मोजून. मग तेल बदललं, हिंग बदलला. वरण आंबतच राहिलं. पैसे गेले ते गेले, पण त्याहून वाईट हे की प्रत्येक बदलानंतर चार-आठ दिवस तक्रार यायची नाही आणि आम्हाला वाटायचं, सुटलो.

आंबणं वेगळं, बाधणं वेगळं

हे कळलं तेव्हा अर्धं काम झालं. वरणाला आंबूस वास येतो, वर फेस दिसतो, भाजीला तार सुटते, ते करणारे जंतू वेगळे. पोट बिघडवणारे बहुतेक वेळा वेगळे. पोट बिघडवणारे जंतू अन्नाचा वास बदलत नाहीत, चव बदलत नाहीत, रंगही नाही. म्हणजे "मी चाखून पाहिलं, चांगलं होतं" हा पुरावा होत नाही. आमच्याकडे ज्या रात्री पाच पोरं आजारी पडली, त्या दुपारचं वरण मी स्वतः जेवले होते आणि ते चवीला अगदी नेहमीसारखं होतं.

पण दोघांना वाढायला एकच गोष्ट लागते : कोमट अन्न आणि वेळ. म्हणून आंबलेलं वरण ही धोक्याची घंटा समजायची. त्या गंजात (मोठ्या पातेल्यात) इतर काहीतरीही वाढू शकत होतं, एवढं ते सांगतं. न आंबलेलं वरण मात्र काहीच सांगत नाही.

मोजायचं ते कोमट म्हणजे किती? ५ अंश सेल्सिअसच्या खाली जंतूंची वाढ जवळपास थांबते, ६० च्या वर ती होत नाही. मधला सगळा पट्टा धोक्याचा. अमेरिकेच्या कृषी खात्याचा एक नियम मला फार कामाचा वाटला : शिजवलेलं अन्न या पट्ट्यात दोन तासांहून जास्त राहू द्यायचं नाही, आणि बाहेरचं तापमान ३२ च्या वर असेल तर एकच तास. आता नागपूरचा विचार करा. २३ मे २०१३ ला इथे ४७.९ अंश नोंदलं गेलं. तो दिवस सोडा, आपल्याकडे मार्चच्या अखेरीपासून पाऊस येईपर्यंत दुपारी ३२ च्या खाली कधी असतं? म्हणजे आपल्याला तीन महिने एकच तासाचा नियम लागू.

पहिला प्रश्न : सगळेच डबे, की ठरावीक डबे?

डब्यांना नंबर नसतील तर आधी नंबर टाका. आमच्याकडे ऑइलपेंटनं टाकले. मग एक वही ठेवली : तारीख, डब्याचा नंबर, कोणता पदार्थ, किती वाजता उघडला, काय झालं. तीन आठवड्यांत दिसलं की आंबल्याच्या तक्रारी दोन जातीच्या आहेत. काही दिवशी वीस-पंचवीस डबे एकदम. आणि एरवी फिरून फिरून १४, २२, ३७ आणि ५१, एवढेच.

हे चार डबे मी समोर घेऊन बसले. घासलेले, चकचकीत, वाटीत काही नाही. झाकणाच्या आत रबर असतं ते टाचणीनं उचकटून काढलं, तर त्याच्या खाली गोल खाचेत पिवळा-काळा थर. नखानं खरवडला तर तो मऊ होता, आणि वास थेट आंबलेल्या वरणाचा. घासणारी बाई मन लावून घासते, तिचा काही दोष नाही. रबर काढून घासायचं असतं हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं, कारण मलाच माहीत नव्हतं. रोज सकाळी आम्ही गरम वरण घालत होतो आणि झाकणातून त्यात विरजण पडत होतं.

ठरावीक डबे असतील तर आधी हे पाहा. रबर रोज काढून साबणानं घासायचं, उकळत्या पाण्यातून काढायचं, आणि पूर्ण वाळल्यावरच बसवायचं. ओलं बसवलं तर परत तेच. रबराला भेगा पडल्या असतील तर घासून उपयोग नाही, नवं घ्या, फार महाग नसतं. घरी प्रेशर कुकरचं रबर, मिक्सरच्या भांड्याचं पातं बसतं तिथली रिंग, मुलांच्या पाण्याच्या बाटलीचं झाकण, या तीन जागा आजच उचकटून बघा.

सगळे डबे एकदम बिघडत असतील तर दोष डब्यात नाही, गंजात आहे. पुढचं सगळं त्याबद्दल.

दुसरा प्रश्न : जेवल्यावर किती तासांनी त्रास झाला?

पोट बिघडल्याची तक्रार आली की आपण विचारतो, "काय खाल्लं?" त्यासोबत घड्याळाचंही विचारायला हवं. कारण वेळेवरून बोट बऱ्यापैकी नेमकं ठेवता येतं.

एक ते सहा तासांत, मळमळ आणि उलट्या जास्त : शिळा भात आठवा, किंवा हात. भातात बॅसिलस सेरियस नावाचा जंतू असतो. त्याची बीजं तांदळासोबतच येतात आणि भात शिजला तरी मरत नाहीत. भात कोमट राहिला की ती उगवतात आणि उलटी करवणारं विष भातात सोडतात. ते विष परत तापवून जात नाही. म्हणून "सकाळी फोडणी दिली, कडकडीत गरम केला" याला अर्थ उरत नाही. आमच्याकडे एकदा नाश्त्याला फोडणीचा भात होता आणि अकराच्या आत दोघांना उलट्या झाल्या. तेव्हापासून उन्हाळ्यात उरलेला भात आम्ही वापरत नाही. घरी ठेवायचाच असेल तर जेवणं झाल्याबरोबर परातीत पातळ पसरून निववा, तासाभरात फ्रीजमध्ये, आणि दुसऱ्या दिवशी संपवा. रात्रभर ओट्यावर जाळीखाली राहिलेला भात टाकून द्या. अन्न टाकणं माझ्याही जिवावर येतं, तरी सांगते.

हातांचं काम तसंच. आलुबोंड्यासाठी आलू उकडले, सोलले, हातानं कुस्करले आणि दोन तास तसेच ठेवले, तर हाताच्या जखमेतला, फोडातला किंवा नाकाला हात लावून आलेला स्टॅफिलोकोकस त्यात वाढतो. त्याचंही विष उष्णतेला दाद देत नाही. अर्ध्या तासापासून आठ तासांपर्यंत कधीही उलट्या सुरू. ज्याच्या बोटाला कापलं किंवा भाजलं आहे त्यानं त्या दिवशी शिजलेल्या अन्नाला हात लावायचा नाही. भांडी घासणंही नाही. भाजी निवडणं, हिशेब, डबे मोजणं करावं आणि रोजी पूर्ण द्यावी. रोजी कापली तर पुढच्या वेळी माणूस जखम लपवतो.

आठ ते सोळा तासांत, मुरडा आणि जुलाब, ताप नाही, उलटी फारशी नाही : मोठ्या भांड्यातलं दाट अन्न. वरण, उसळ, रस्सा, मटण. इथेच आम्ही सापडलो. दुपारी दीड-दोनला जेवलेली पोरं रात्री दहा ते बाराच्या दरम्यान आजारी पडत होती, आणि ज्यांनी त्या दिवशी डबा घेतला नव्हता त्यांना काही नाही.

एक-दोन दिवसांनी, तापासकट : आता पाणी, कच्ची कोशिंबीर, अर्धवट शिजलेली कोंबडी, अंडी यांच्याकडे बघा. पावसाळा लागला की ही जात वाढते. पाण्यावर आमचा संशय साफ चुकीचा नव्हता, फक्त आमच्या तक्रारींचं घड्याळ त्याच्याशी जुळत नव्हतं.

ती रात्र, थर्मामीटर घेऊन

आमची पद्धत अशी : सकाळी घाई होते म्हणून तुरीची डाळ रात्रीच शिजवून, घोटून वीस लिटरच्या गंजात झाकून ठेवायची. सकाळी फोडणी दिली की वरण तयार. माझ्या सासूबाई असंच करायच्या. पण त्या सहा माणसांची डाळ करायच्या, मी सत्तरांची.

अन्नात खुपसायचा दांड्याचा थर्मामीटर घेतला. वापरायच्या आधी तपासला : बर्फ आणि पाण्याच्या पेल्यात शून्य दाखवायला हवा, उकळत्या पाण्यात नागपुरात ९९ च्या आसपास. आपलं शहर समुद्रसपाटीपासून तीनशे मीटर उंचीवर आहे, त्यामुळे शंभर दिसत नाही म्हणून तो बिघडला असं समजू नका.

एप्रिलची रात्र होती, स्वयंपाकघरात ३६ अंश. नऊला गंज उतरवला तेव्हा मधोमध ९६. मी ठरवलं होतं की दर दोन तासांनी उठून बघायचं. अकराला ७५. एक वाजता ६२. तीनला ५३. पाचला ४७. सकाळी सातला, फोडणीची वेळ झाली तेव्हा, ४३.

मी ते आकडे वहीत लिहिले आणि बराच वेळ बघत राहिले. मला आपलं वाटायचं की रात्रभरात डाळ "निवते". ती निवत नव्हती. बाहेरच ३६ असताना झाकलेला वीस लिटरचा गंज थंड व्हायचा तरी कशाच्या जोरावर? वरून हात लावला तर गंज जेमतेम कोमट लागायचा, आत मात्र दाट डाळीनं उष्णता धरून ठेवलेली. क्लॉस्ट्रिडियम परफ्रिन्जेन्स नावाचा जो जंतू मुरडा आणि जुलाब करतो त्याची बीजं उकळून मरत नाहीत, त्याला हवा नको असते, आणि ४३ ते ४७ अंशांत तो सगळ्यात वेगानं वाढतो, दहा मिनिटांच्या आसपास दुप्पट. मी त्याच्यासाठी पाळणाच बांधून ठेवला होता.

तरी एक प्रश्न उरत होता. सकाळी फोडणी देऊन आपण वरण उकळतो ना? बीजं मरत नसली तरी त्यांतून उगवून वाढलेला जंतू उकळल्यावर मरायला हवा. म्हणून सकाळीही थर्मामीटर घातला. दाट डाळ तळाला लागू नये म्हणून आमच्या स्वयंपाकाच्या मावशी आच बारीक ठेवायच्या. कडेनं बुडबुडे यायला लागले, वास सुटला, मावशी म्हणाल्या, "झालं जी." कडेला ९४ होतं. मधोमध ५८.

दाट वरण पाण्यासारखं स्वतःहून ढवळलं जात नाही. कडेला उकळी दिसते आणि पोटात कोमटच राहतं. त्यात कधी वरण कमी पडलं तर गरम पाणी ओतून पुरवायचो. पाण्यानं ते गरम झाल्यासारखं वाटतं, पण शिळ्या भागाला पुरेसं तापमान मिळतच नाही. केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या (एफएसएसएआय) केटरिंगच्या तपासणी यादीत नेमकं हेच लिहिलं आहे : गरम पाणी घालून तापवू नका, परत तापवताना अन्नाच्या मधोमध ७५ अंश दोन मिनिटं टिकायला हवेत.

आणि तिसरा दुवा डब्यातला. एका डब्यात थर्मामीटर घालून तो कापडी पिशवीत ठेवला. साडेदहाला भरताना ५८, दीड वाजता ४४. त्या दिवशी बाहेर ४३ होतं. डबा थंड होणं शक्यच नव्हतं, तो तीन तास फक्त कोमट राहिला. रात्रीचे सहा तास आणि दुपारचे तीन, असे नऊ तास आम्ही वरण धोक्याच्या पट्ट्यात ठेवत होतो. मग ते रोज का बिघडत नव्हतं? ज्या दिवशी डाळ रात्री उशिरा, म्हणजे साडेदहा-अकराला उतरायची, किंवा गंज अर्धाच भरलेला असायचा, त्या दिवशी हे तास कमी-जास्त व्हायचे. वहीतल्या तारखा पडताळल्या तर जुळल्या.

काय बदललं

रात्री डाळ शिजवणं बंद केलं. एवढं सोपं. आता सकाळी सहाला डाळ भिजत घालतो, साडेसहाला दोन मोठे कुकर चढतात, साडेनऊपर्यंत घोटून, फोडणी देऊन होतं. एक बाई तासभर लवकर येते, तिचे पैसे वाढवले. डाळ रात्री भिजत घालणंही उन्हाळ्यात सोडा. सकाळी भिजल्या चण्यावर, डाळीवर फेस दिसतो तो आंबण्याची सुरुवात असते. कडधान्यं रात्रभर भिजवायचीच असतील तर फ्रीजमध्ये.

फोडणीनंतर वरण लांब दांड्याच्या सराट्यानं तळापासून ढवळत उकळायचं आणि मधोमध थर्मामीटर घालायचा. आम्ही ९० बघतो. मग आच बारीक करून तसंच गॅसवर. डबे भरेपर्यंत ६५ च्या खाली जाऊ द्यायचं नाही, मांसाहारी असेल तर ७० च्या.

डबे आधी उकळत्या पाण्यानं विसळून घेतो, म्हणजे थंड स्टील वरणाची उष्णता पीत नाही. ८० च्या वर असताना भरतो, लगेच झाकतो, आत चंदेरी अस्तर असलेल्या पिशवीत. निघायची वेळ साडेदहाची सव्वाअकरा केली. पोरांना सांगितलं की डबा एक-सव्वा वाजेपर्यंत उघडायचा, संध्याकाळसाठी अर्धा ठेवायचा नाही. आता एक वाजता डब्यात ६२-६३ मिळतं. कोशिंबीर, सांबाराची (कोथिंबिरीची) चटणी उन्हाळ्यात डब्यातून काढूनच टाकली. त्याऐवजी कैरीचं लोणचं किंवा भाजलेल्या फल्लीची (शेंगदाण्यांची) कोरडी चटणी.

काही पदार्थ मात्र निववून ठेवावेच लागतात. रविवारच्या मटणाचा रस्सा, लग्नाच्या ऑर्डरची उसळ. त्याचा नियम : ६० वरून २१ वर दोन तासांत, आणि २१ वरून ५ वर पुढच्या दोन तासांत. नागपूरच्या उन्हाळ्यात हे बर्फाशिवाय होत नाही. वीस लिटरचा गंज चार पसरट भांड्यांत वाटून घ्या, थर दोन इंचांहून जाड नको. ती भांडी मोठ्या टबात पाण्यात ठेवा. पहिलं पाणी तापलं की बदला, दुसरंही बदला, आणि अन्न ५० च्या आसपास आलं की मग बर्फ घाला. आधीच बर्फ घातला तर सगळा वितळून जातो आणि अन्न गरमच राहतं. स्वच्छ सराट्यानं ढवळत राहा. आम्हाला दीड तास लागतो. बर्फाची लादी भांड्याच्या बाहेर चालते, पण ती खायची नसते. न खाण्याच्या बर्फात ओळखू यावा म्हणून निळसर रंग घालायचा नियम आहे. असला बर्फ मठ्ठ्यात किंवा पन्ह्यात कधीच नको.

कूलरसमोर अन्न उघडं ठेवून निववणं, हे आपल्याकडे खूप घरांत चालतं. करू नका. कूलरच्या टाकीतलं पाणी किती दिवसांचं असतं ते आपल्यालाच ठाऊक, आणि तीच ओल हवेसोबत अन्नावर येते.

फ्रीज आहे म्हणजे थंड आहे, असं नाही

हे घरांसाठी मुद्दाम. रात्री पेलाभर पाणी फ्रीजच्या मधल्या कप्प्यात ठेवा, सकाळी दार उघडताच त्यात थर्मामीटर घाला. ५ किंवा त्याहून कमी हवं. आमच्याकडे १३ निघालं. फ्रीज गॅसच्या शेगडीला लागून होता, मागची जाळी धुळीनं भरलेली, आत कोंबून भरलेलं, आणि दाराचं रबर एका कोपऱ्यात सुटलेलं. रबराची परीक्षा सोपी : नोटेएवढा कागद दारात अडकवून ओढा. सहज निघाला तर हवा आत येते आहे. फ्रीज भिंतीपासून वीतभर पुढे ओढला, जाळी साफ केली, रबर बदललं, सामान निम्मं केलं, तेव्हा ५ वर आलं.

अख्खं गरम पातेलं फ्रीजमध्ये ठेवलं तर ते लवकर थंड होत नाही आणि शेजारचं दूध-दही तेवढं गरम होतं. आधी लहान, उथळ भांड्यांत वाटून निववा. नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, लाईन (वीज) चार-चार तास जाते. तेवढा वेळ दार उघडायचं नाही. चार तासांहून जास्त गेली तर शिजवलेलं अन्न, पनीर, मांस टाकून द्यायचं.

कच्ची कोंबडी सगळ्यात खालच्या कप्प्यात, झाकलेल्या भांड्यात, म्हणजे तिचं पाणी शिजलेल्यावर ठिबकणार नाही. ती नळाखाली धुवू नका. शिंतोडे हातभर उडतात आणि सांबार, टमाटे, ओटा सगळ्यावर बसतात. तिच्यासाठी पाट आणि सुरी वेगळी.

फडक्याबद्दल थोडं. ज्या फडक्यानं ओटा पुसला त्यानंच ताट पुसायचं, त्यानंच हात पुसायचा, हे आमच्याकडेही चालायचं. आता तीन रंग आहेत आणि दुपारी सगळी उकळून गच्चीवर. मे महिन्यात अर्ध्या तासात खडखडीत वाळतात. ओट्याला ब्लीचचं पाणी : बाटलीवर ४ टक्के लिहिलं असेल तर एक लिटर पाण्यात ५ मिलिलिटर, साधारण २०० पीपीएम (दहा लाख भागांत दोनशे भाग) होतं. आधी साबणानं तेलकटपणा काढा, मगच हे. ब्लीच कधीही ॲसिडमध्ये किंवा संडासाच्या लिक्विडमध्ये मिसळू नका, त्यातून विषारी वायू निघतो. हात साबणानं वीस सेकंद, नखांसकट, आणि मोबाइल उचलला की परत.

कुणी आजारी पडलंच तर

पहिलं काम त्याला पाणी. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा छोटे सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, घोट घोट. ओआरएसची पुडी असेल तर तीच. रक्त पडत असेल, ताप चढला असेल, लघवी होत नसेल, पाणीही पोटात टिकत नसेल, किंवा माणूस लहान मूल, गरोदर बाई, म्हातारं असेल तर घरी थांबायचं नाही. मेडिकल कॉलेजच्या कॅज्युअल्टीत किंवा जवळच्या डॉक्टरकडे लगेच. जुलाब थांबवायच्या गोळ्या स्वतःच्या मनानं देऊ नका.

लपवायचंही नाही. एकाला सलाईन लागली त्या रात्री मी स्वतः सत्तर जणांना फोन केले. कुणाला कधी, काय त्रास झाला ते विचारलं आणि उरलेलं खाऊ नका म्हणून सांगितलं. गिऱ्हाइकं तुटतील ही भीती होती. दोन तुटली.

मेस असेल तर अन्न सुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी हवीच, १४ आकडी नंबर भिंतीवर लावायचा असतो. २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्याखाली २०११ चे नियम आहेत, त्याच्या चौथ्या परिशिष्टात स्वयंपाकघर कसं असावं ते सविस्तर दिलं आहे. अन्न व औषध प्रशासनाचे अधिकारी तपासायला येतील म्हणून आपण ते वाचायला घाबरतो. मला तर ते वाचल्यावरच कळलं की माझे निम्मे प्रश्न आधीच कुणीतरी सोडवून ठेवले होते. प्राधिकरणाचं फॉस्टॅक नावाचं प्रशिक्षणही असतं, मी मावशींना घेऊन गेले.

एवढं करूनही तक्रार आली तर

अंदाज बांधू नका, नमुना ठेवा. रोज डबे भरून झाले की प्रत्येक पदार्थाचा वाटीभर नमुना उकळत्या पाण्यातून काढलेल्या छोट्या डबीत भरा, तारीख आणि वेळ लिहून फ्रीजमध्ये दोन दिवस. कुणी आजारी पडलं तर प्रयोगशाळेत द्यायला हातात काहीतरी असतं. पाण्याचीही जंतूंची तपासणी करून घ्या, टाकीतलं आणि नळाचं वेगवेगळं. फक्त "पाणी खराब आहे" एवढ्यानं कळत नाही की ते कुठे खराब होतंय.

त्याच वहीत रोज चार आकडे लिहा : फोडणीनंतर मधोमध किती, डबे भरताना किती, फ्रीज किती, शेवटचा डबा किती वाजता उघडला. आमचा थर्मामीटर आता गॅसच्या वर खिळ्याला टांगलेला असतो. आज सकाळचे आकडे ९२, ८३, ४ आणि १:२०. फ्रीजच्या वरच्या कप्प्यात वरण, वांग्याची भाजी आणि भात, अशा तीन डब्या आहेत, परवा सकाळी टाकायच्या.